उणे साडेचार

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. ट्रंक, पिशवी आणि मी, तिघीही धडधाकट. मामाच्या घरातून निघताना कुणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, माझ्याही नाही. आई गेल्यापासून चौदा वर्षं तिथे काढली, पण त्या घरात मी कायम जास्तीचीच होते. पाहुणे आले की माझं अंथरूण जायचं, आणि सगळ्यांचा फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा माझ्या हातात.

इथे मावशीने दारातच माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मावशी म्हणजे आईची मावसबहीण. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खिडकीतून नदी आणि पूल दिसतो. घरात काका आहेत. काकांची आई आहे, तिला सगळे आजी म्हणतात. तिला ऐकू येत नाही, फक्त खायचा विषय निघाला की लख्ख ऐकू येतं. आणि मावशीची एकुलती एक लेक, छबी. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची. ओट्याशी पाठमोरी उभी होते तर मावशीने मलाच ‘छबे’ अशी हाक मारली आणि मग मायलेकी पोट धरधरून हसल्या. फरक एवढाच, की छबीला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आहे.

जेवण झाल्यावर मावशीने संत्री आणली. एक सोललं, एकेका फोडीतल्या बिया काढल्या आणि फोडी छबीच्या बशीत ठेवल्या. बावीस वर्षांची घोडी! मला अख्खं संत्रं दिलं. पाहुण्याला अख्खंच देतात म्हणा. जाऊ दे, नवी कोरी वही आहे, पहिल्याच पानावर कुरकुर नको.

७ मार्च, शुक्रवार

चष्म्याच्या दुकानातली नोकरी मला मानवली. काचा घासायच्या, फ्रेमचे स्क्रू आवळायचे, डबीवर नंबराची चिठ्ठी चिकटवायची. मालक एकटेच असतात, म्हातारे आहेत, जीभ मात्र तरुण. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे डोळे तपासले. तक्त्याची शेवटची ओळ मी दारातून वाचली, तर म्हणाले, तुझ्यासारखी चार माणसं या गावात आली तर मला दुकानाला टाळंच लावावं लागेल.

छबीचा नंबर त्यांना तोंडपाठ आहे. दोन्ही डोळे उणे साडेचार. तिचा एक जादा चष्मा घरी तयारच असतो, कारण बाईसाहेब वर्षाला दोन फोडतात. आणि फोडला तरी मावशी काय म्हणते, तर ‘काचच होती, डोळा शाबूत आहे ना!’ मामाकडे मी सातवीत एक कपबशी फोडली होती, तिच्यावरून परवा निघेपर्यंत बोलणी ऐकत होते.

वहीशी काय खोटं बोलायचं? छबी वाईट नाही. कपाटातला अर्धा कप्पा तिने आपणहून रिकामा करून दिला, निळा स्वेटर हवा तेव्हा घाल म्हणाली. वाईट असती तर सोपं गेलं असतं. तिला हाक मारताना मावशीचा आवाज मऊ होतो, तेच माझ्या डोळ्यांत खुपतं. तसं मला कुणीच कधी हाक मारलेली नाही.

११ मार्च, मंगळवार

दुकानातच अडकले आहे. छबी सकाळच्या बसने पुलापलीकडे मैत्रिणीकडे गेली, मी दुकानात आले, आणि दहाच्या सुमारास कपाटातल्या काचा आपोआप किणकिणायला लागल्या. सीमेकडच्या रस्त्याने शेजारच्या देशाचे रणगाडे गावात शिरले. लाउडस्पीकरवर आमच्याच भाषेत सांगत होते, कारवाई थोड्या दिवसांची आहे, नागरिकांच्याच सुरक्षेसाठी आहे, कुणी घराबाहेर पडू नये. जो आधीच बाहेर आहे त्याने काय करावं, ते नाही सांगितलं. फोन बंद. पूल बंद. अलीकडचं गाव त्यांचं, पलीकडचं अजून आपलं. मालकांनी शटर ओढलं आणि अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली.

१२ मार्च, बुधवार

सकाळी दोन तास मोकळीक मिळाली, धावत घरी आले. दारावर कागद चिकटवलेला. काल संध्याकाळी सैनिक घरोघरी माणसं मोजून गेले. नगरपालिकेचा कारकून सोबत होता. एरवी दहा मिनिटं गप्पा मारल्याशिवाय न हलणारा माणूस, काल मान वर न करता लिहीत होता. नगराध्यक्षांना घरात कोंडलंय म्हणे, त्यांच्या खुर्चीत आता सैन्याने आणलेला माणूस बसतो.

घरात किती, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, चार. बावीस वर्षं ती चारच म्हणत आली आहे, तोंडातून गेलं. छबी घरात नाही हे लक्षात येईपर्यंत कागद लागला होता. काका, मावशी, आजी. मुलगी, वय बावीस, चष्मा. मी विचारलं, आणि मी? मावशी म्हणाली, ‘अगं, तू दुकानात होतीस ना.’ हो, होते. छबीसुद्धा घरात नव्हती, पण ती मोजली गेली.

नियम असा आहे. रोज संध्याकाळी पाचला मोजणी. कागदापेक्षा माणूस कमी भरलं तर घराला सील आणि बाकीच्यांची उचलबांगडी. जास्त भरलं तर जास्तीचं माणूस ट्रकमधून सैन्याच्या तळावर. म्हणजे मी घरात राहिले आणि छबी झाले, तर सगळेच वाचतो. मावशीने जादा चष्मा आणला आणि स्वतःच्या हाताने माझ्या नाकावर चढवला. माझं नाव यापुढे घरात कुणी चुकूनही घ्यायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं. आजीला तीनदा.

१५ मार्च, शनिवार

चष्मा लावला की जमीन पायाखाली हलते. दोनदा चौकटीवर कपाळ आपटलं, आजी म्हणाली, छबीसारखीच धांदरट आहे. मला अगदी बरं वाटलं.

पाचला तिघे सैनिक आले. एकाने कागद बघितला, माझा चष्मा बघितला, बोटांवर चार मोजले आणि गेला. जीव भांड्यात पडला. मग मावशीने घरातलं शेवटचं संत्रं सोललं, बिया काढल्या आणि फोडी माझ्या बशीत ठेवल्या. मी एकेक फोड सावकाश खाल्ली. तिची लेक पलीकडे कुठे कशी असेल, कुणास ठाऊक, आणि मी फोडी मोजत होते. लाज वाटली. पण फोडी गोड होत्या.

२१ मार्च, शुक्रवार

दिवसा बाहेर पडू देतात आता, पाचच्या आत परतायचं, म्हणून दुकान उघडं आहे. मालकांच्या काउंटरवर एक ट्रे आहे, तयार चष्म्यांचा. आता न्यायला येत नाहीत माणसं. एकोणतीस झाले. शाळामास्तरांचा आहे, बेकरीवाल्याच्या आईचा आहे. मालक रोज सकाळी सगळ्या काचा पुसून परत ठेवतात. शाळेत सैन्याचा मुक्काम आहे. पाणी दिवसाआड येतं. औषधाच्या रांगेत चार तास उभी राहिले तेव्हा आजीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मिळाल्या, त्याही निम्म्या. सैन्याने पुलावरून मदतीची एक गाडी तेवढी येऊ दिली आहे. त्यातली नर्स बुधवारी आणि शनिवारी येते, पलीकडच्यांचे मोडके चष्मे आणते आणि दुरुस्त झालेले तिच्या वेगळ्या ट्रेमधून नेते.

काल खालच्या मजल्यावर जास्तीचं माणूस सापडलं. कागदावर पाच, घरात सहा. धाकटा जावई लपून राहिला होता. सासूबाई सैनिकांच्या पाया पडत होत्या, तो मात्र मुकाट्याने चप्पल घालत होता. तळावर गेलेलं माणूस परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्याचा चष्मा जिन्यात पडला होता, मी दुकानात आणला. ट्रेमध्ये तीस.

२६ मार्च, बुधवार

मावशी छबीच्या कपाटात तोंड घालून रडत होती. निळा स्वेटर शोधत होती बहुधा. तो माझ्या अंगावर होता.

मी मागून ‘आई’ म्हटलं. ती वळली, तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मग मला बघितलं आणि विझला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा दिवस मी तिच्यासाठी रांगेत उभी राहते, तिच्या सासूचे पाय चेपते, रोज पाचला छबी होऊन तिचं घर वाचवते. आणि पलीकडे नुसती बसलेली ती, तीच लेक! मला छबी म्हणते मावशी, पण तोंडदेखलं. तो आवाज लावत नाही.

आज झोपताना चष्मा काढला तर भिंतीवरचं घड्याळ दिसेना. थकवा असेल.

३१ मार्च, सोमवार

थकवा नाही.

चष्मा काढला तर पूल दिसत नाही. रस्त्यापलीकडची पाटी दिसत नाही. लावला तर सगळं स्वच्छ. जमीनही हलत नाही आता. मालकांना सांगितलं. तक्त्याची फक्त पहिली ओळ वाचता आली. त्यांनी काचा बदलून बदलून तीनदा तपासलं, मग वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. दोन्ही डोळे उणे साडेचार. वीस दिवसांत डोळे असे जात नाहीत, म्हणाले. तुझ्यासाठी नवीन चष्मा करून ठेवतो, म्हणाले, दुसरीचा घालू नकोस.

घरी आरशात बघितलं. कोण दिसलं ते लिहीत नाही.

२ एप्रिल, बुधवार

नर्सने एक डबी दिली. छबीच्या घरी दे, म्हणाली. आत चिठ्ठी, मावशीच्या नावाची. मी वाचली.

‘आई, माझा चष्मा फुटला. मला काही दिसत नाही, फार भीती वाटते. कागदावर माझं नाव आहे असं नर्सताईंकडून कळलं. रविवारी त्यांची जादा गाडी आहे, त्यातून त्या मला अलीकडे आणतील. येऊ ना? येऊ म्हणत असशील तर माझा घरचा चष्मा या डबीत घालून शनिवारी पाठव. डबी रिकामी आली तर तिथे काहीतरी धोका आहे असं समजेन, येणार नाही.’

ती आली तर घरात पाच. जास्तीचं कोण, हे काय कुणाला विचारायला हवं?

चिठ्ठी चुलीत घातली. मावशी विचारत होती, काय जळतंय ग. मी म्हटलं, काही नाही.

५ एप्रिल, शनिवार

डबी रिकामी ठेवली. नर्सच्या ट्रेमध्ये, स्वतःच्या हाताने. गाडी गेली. सुटले, असं वाटलं. वर तिथे ती सुखरूपच राहील असंही मनाशी म्हटलं. अर्धं खरं आहे ते.

मग मालक हसत हसत म्हणाले, अगं वेंधळे, नर्सच्या ट्रेमध्ये एक डबी रिकामीच ठेवली होतीस. डबीवरच्या नंबराच्या चिठ्ठीवर उणे साडेचार होतं. त्या नंबराचा एकच चष्मा तयार होता, तुझ्यासाठी केलेला. तो घालून दिला. तुला दुसरा करतो, म्हणाले, तिथे कुणीतरी आंधळ्यासारखं बसलं असेल बिचारं.

माझा चष्मा. माझे डोळे गेले म्हणून झालेला.

उद्या रविवार.

६ एप्रिल, रविवार, दुपार

सांगायला हवं. सांगत नाही. कुठे जाऊ? चौकाचौकात पहारा आहे, आणि माझ्या नावाचा कागद या गावात कुठेच नाही.

मावशीला म्हटलं, समजा, छबी आली तर? ती म्हणाली, ‘वेडी का तू, मग दोघी माझ्याच.’ पाठीवरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत बघायला हवं होतं. बघवलं नाही.

साडेचार

जिन्यात पावलं. बुटांची नाहीत. हलकी.

दार वाजलं — तिची ती वाजवायची पद्धत, दोनदा आणि मग एकदा —

मावशी ओरडली. रडते आहे. हसते आहे. छबे, छबे, छबे — तो आवाज. तोच.

मी स्वयंपाकघरात आहे. फटीतून दिसतं. तिच्या नाकावर माझा चष्मा. काका दाराकडे बघतात, मग घड्याळाकडे. आजी मोजते आहे, मोठ्याने. पाच, म्हणते. पाच.

पाचला सहा कमी

खाली ट्रक थांबला. खालच्या मजल्यावर आहेत — तिथे पाचच आहेत आता, वेळ नाही लागणार —

कागदावर चष्मेवाली एकच —

बाहेर कुजबुज. काकांचा आवाज.

मावशी येते आहे. हळू. डोळे पुसत. हात पुढे केलाय, माझ्या चेहऱ्याकडे — चष्मा दे, म्हणते —

माझं नाव घेतलं तिने. माझं. आईने ठेवलेलं. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा. आणि किती मऊ — छबीला मारते तश्शाच आवा