एकशे बेचाळीस पायऱ्यांची धर्ममाता

लिमा, ऑगस्टातला मंगळवार

तीर्थस्वरूप फोर्तुनातोमामांना,

तुमच्या पदवीधर भाचीचा, म्हणजे नोएमीचा, नमस्कार. (‘पदवीधर’ आधी लिहायचं, हे तुम्हीच बजावलं होतं. गेल्या तीन आठवड्यांत तुमची ही बातमी आकोबाम्बातल्या गाढवांनासुद्धा सांगून झाली आहे, असं आई म्हणते.) तुमची कंबर कशी आहे? मामी तुमच्याशी बोलायला लागली का? नसेल लागली तर चूक तुमचीच असणार, तेव्हा आधी माफी मागून टाका आणि मग पुढचं वाचा. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता. पत्राला मध्येच ‘नाही’ म्हणता येत नाही.

आम्ही तिघी खुशाल आहोत. तिघी म्हणजे मी, हिशेबी यानेत आणि सदा भुकेली एदित. यानेतच्या मावशीकडे एकाच गादीवर आडव्या झोपतो, त्यामुळे डोकी आणि पोटं गादीवर असतात आणि पाय फरशीवर. जेवायला खानावळीत दोन ताटं आणि तीन चमचे मागतो. एदित वाढणाऱ्या बाईंना “मावशी, थोडं वर घाला ना” असं इतक्या लाडात म्हणते, की तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी मुलगा बघायला घेतला. बसच्या कंडक्टरशी मात्र माझं एकदा वाजलं. उतरताना तो प्रत्येक बाईला “उजवा पाय, ताई, उजवा पाय आधी!” म्हणून ओरडतो. बायकांनी कोणता पाय आधी टाकावा हे पुरुषांनी का ठरवायचं, असं मी त्याला दारात उभी राहून शांतपणे विचारलं. तो म्हणाला, “ताई, आधी उतरा, मग संप करा.” सगळी बस हसली. यानेत सगळ्यात मोठ्यांदा हसली. (मी डाव्या पायाने उतरले. आता घोटा बरा आहे.)

तर रविवारी आम्हांला सगळं शहर उंचावरून बघायचं होतं. परदेशी पाहुणे ज्या टेकडीवर जातात तिथे तिकिटाची बस आहे. यानेत म्हणाली, या शहराला टेकड्यांची कमी नाही, आणि सगळ्यांवरून दिसतं तेच धुकं. म्हणून एका साध्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि समोर दिसली ती टेकडी चढू लागलो. वाटेत एका बाईला विचारलं, माथा किती लांब? “हे काय, इथेच तर आहे!” तेव्हाच मला कळायला हवं होतं. ‘इथेच’ म्हणून माणसाला तासभर चालवणारे लोक फक्त आपल्याच डोंगरातले. ती सगळी वस्ती आपल्या बाजूची निघाली मामा, अर्धी तर आपल्याच हुआन्कावेलिका भागातली! आपण साडेतीन हजार मीटरवरची माणसं, आपल्याला ही टेकडी म्हणजे काय, असं म्हणत निघालेली मी पाऊण तासाने एका कुत्र्याशेजारी बसून त्याच्यासारखीच जीभ काढत होते.

वर पोहोचलो तर वस्ती नटली होती. रविवारच्या श्रमदानातून त्यांनी स्वतः सिमेंटचा जिना बांधला होता, अगदी नवा कोरा, पिवळा रंगवलेला. पहिल्या पायरीवर रिबिनीला बाटली टांगलेली. बाजूला जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांखाली शिजणाऱ्या पाचामान्काच्या मटण-बटाट्यांचा वास, ज्यामुळे एदितला पुढचं काही दिसेना. पण सगळे ताटकळत उभे. जिन्याची धर्ममाता म्हणून ठरलेल्या दुकानदारीणबाई सकाळपासून आल्याच नव्हत्या, आणि धर्ममातेने बाटली फोडल्याशिवाय खड्डा उघडायचा कसा? (तुम्ही स्वतः दोन ट्रॅक्टर आणि एका फुटबॉल संघाचे धर्मपिता आहात, तुम्हांला मी काय सांगणार.)

“आमची नोएमी पदवीधर आहे!” असं एदित ओरडली. मैत्रीपोटी नाही, मामा. मटणापोटी.

वस्तीच्या अध्यक्षीण सातुर्निनाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “एवढीशी पोर?” “कागद आहे तिच्याकडे,” यानेत म्हणाली, “शिक्का मारलेला.” मग काय, गळ्यात हार, हातात हातोडी. मी आधी दोन शब्द बोलले. ‘पायरी आणि समता’ हा विषय तिथल्या तिथे सुचला. यानेत म्हणते पंचवीस मिनिटं बोललीस, पण तिच्याकडे घड्याळ नाही. नंतर मी हातोडी मारली, बाटली नुसती हसली, फुटली नाही. परत मारली, तर हातोडीचं डोकं उडून बँडवाल्याच्या भल्यामोठ्या पितळी कर्ण्यात शिरलं. शेवटी सातुर्निनाबाईंनी दगडाने बाटली फोडली आणि धर्ममातेचं काम झालं असं जाहीर केलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण आमचे सर शिकवायचे, लोकांच्या गरजा आपण ठरवू नयेत, त्यांना विचाराव्यात. म्हणून मी विचारलं, “तुमच्या या जिन्याला अजून काय हवं?”

मामा, धर्ममातेने असं विचारलं की मागतील ते तिने पदरचं द्यायचं असतं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण तोपर्यंत तोंडातून गेलं होतं. मग सातुर्निनाबाईंची आई, तेओफिलाआजी, खुर्चीवरून म्हणाली, “कठडा, पोरी. धरायला काही नाही. दोन वर्षं झाली मी खाली उतरले नाही. बाजार आहे तिथेच आहे का गं अजून?”

मी “होईल, आजी” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात इतिवृत्ताची वही उघडली गेली आणि सेक्रेटरीने मोठ्यांदा वाचत लिहिलं की धर्ममाता कुमारी नोएमी एका महिन्यात लोखंडी कठडा देतील. सही केली. अंगठाही उठवला. टाळ्या पडल्या. मग खड्डा उघडला आणि एदितने तीन जणांचं खाल्लं. मी माझे बटाटेही तिच्याच ताटात सरकवले. पहिलं वचन दिलं तेच थाप ठरणार, आणि तेही पदवीच्या नावावर!

असो. बाकी सगळं छान. मोठ्या माणसांनी काळजी करू नये. मामीला गोड पापा.

तुमची,
नोएमी

ता. क. मी तुमच्याकडे काही मागत नाही, हे आधीच सांगते. सहज माहिती म्हणून: आकोबाम्बात उत्तम वेल्डिंग कोण करतं, असं वस्तीवाल्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलणं मला जमलं नाही.

ता. क. २. पायऱ्या एकशे बेचाळीस आहेत. यानेतने प्रत्येक पायरी लोकरीच्या दोऱ्याने मोजली, माप मागच्या पानावर आहे. कठड्याचे लोखंडी पाइप वस्तीवाले गोळा करताहेत आणि वरही तेच चढवतील. तुम्ही फक्त मशीन आणि कंबर घेऊन यायचं. वहीत ‘कठड्याचे धर्मपिता’ म्हणून तुमचं नाव लिहून झालं आहे, अंगठ्याची जागा तेवढी कोरी आहे. भाषण करू नका, ते माझ्याकडे तयार आहे.

ता. क. ३. पायऱ्या मोजायला काल परत वर गेलो, तेव्हा तेओफिलाआजीने विचारलं, तुझा मामा जाडा की बारीक? तिने तुमच्यासाठी अंगभर लोकरीचा पोंचो विणायला घेतला आहे. मी दोन्ही हात पूर्ण पसरून माप दाखवलं, आणि आजीने लगेच शेजारणीकडून आणखी लोकर मागवली. आता ‘नाही’ म्हणायचं असेल तर तिला म्हणा. ती वर आहे, खाली येऊ शकत नाही.