दारावरच्याला सांग

मुरुम, मे १९८६

प्रिय सत्यभामा,

डावा हात बांधलाय, कागद सरकतोय. अक्षराला नावं ठेवू नको.

पाडव्याला तू तुझ्या ब्यांकेतल्या खोलीएवढ्या कंप्युटरचं सांगितलंस. कुणाला काय उघडू द्यायचं ती नावं फिरत्या चकतीवर असत्यात. दरवेळी तिथं बघायला जाण्यात मशीन रेंगाळतं. म्हणून सारखी लागणारी नावं तू त्याच्या आठवणीतच ठेवलीस, किती ठेवायची तेबी तूच ठरवलंस, आन् मशीन पळायला लागलं. म्या म्हटलं, ह्यात काय एवढं? म्या कामाला हाय त्या सोसायटीच्या चारा डेपोवर आमचा महांतप्पा हेच करतो. ऑफिसात विचारायला जात न्हाय. तोंड बघतो, फाटक उघडतो. ह्या दुष्काळात गाड्यांची रांग त्याच्यामुळंच हलायची.

तू बब्रुवानला सोडलंस तवाच म्या सेक्रेटरीला बजावलं, त्याला डेपोत पाय ठेवू द्यायचा न्हाय. त्यानं लिहून घेतलं आन् चहा पीत बसला. फाटकावर कोण सांगणार? बुधवारी बब्रुवान आला. महांतप्पा उठून उभा राहिला. गावचा जावई! जावयाला कुणी कुठं चाललात विचारतं व्हय? उलट म्हणाला, या पाव्हणं, सासूबाई गंजीमागं हायेत.

गंजीमागं बब्रुवाननं माझे केस धरले. म्हणाला, लिही तिला, परत ये म्हणून. न्हाय म्हटलं, तर विळा काढला. दंड हाडापतुर फाटला. महांतप्पा मधी पडला, त्याचं पोट चिरलं. म्हातारा कडब्यावर बसला, दोन्ही हातांनी पोट दाबून, तरी रगत थांबंना. म्या दांडकं उचललं आन् बब्रुवानच्या मनगटावर हाणलं. मनगट मोडलं. लोकांनी मला धरलं, न्हाय तर टकुरं फोडलं असतं. महांतप्पा दवाखान्याच्या वाटेवरच गेला. त्याची बायको इरम्मा मला एकच विचारती, त्यांना कुणीच कसं सांगितलं न्हाय?

काल पोलीस तंबाखू मळत बसला आन् बब्रुवान दवाखान्याच्या खिडकीतनं पळाला. पुण्याकडंच येणार. तारेत एवढं मावत न्हाय, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतेय. तुझ्या होस्टेलचा वॉचमन त्याला जावईबापू म्हणून आत बसवायचा, तूच हसत सांगायचीस. ऑफिसात अर्ज देऊन गप बसू नको. पत्र हातातच धरून खाली जा आन् त्या वॉचमनच्या तोंडावर सांग, हा माणूस आता माझा कुणी न्हाय. मशीनच्या आठवणीतबी अशी जुनी नावं राहिली असतील, ते मागनं बघ.

तो म्हणत होता, लिही तिला. लिहिलं.

तुझीच आई,
मथुरा