दांड्यातली सुरी

१२ मार्च

चि. मधल्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. माझा गुडघा कुरकुरतो, पण संग्रहालयाचे जिने काही कमी होत नाहीत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअरने पाठवतेय.

तुझं पार्सल पोचलं. एवढ्या चिंध्यांत आईने आपल्यालाही कधी गुंडाळलं नसेल. बाबांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातली ही कुऱ्हाड किती वर्षांनी हातात घेतली. "कुठली, किती जुनी, तेवढं लिहून दे," म्हणतोस, तर ऐक.

पात्यावरची वेल चांदीच्या तारेची आहे. पोलादात खाचा पाडून तार ठोकून बसवलीय, भिंगाखाली हातोडीचे ठोके दिसतात. वेलीच्या टोकाला फुलाऐवजी पोपटाची चोच आहे. अशी चोच डोंगरापलीकडचं एकच कारागीर घराणं काढायचं. आमच्याकडे त्यांच्या दोन कुऱ्हाडी आहेत. वय दोनशेच्या आसपास. धारेवर जुने टवके आहेत, म्हणजे नुसती मिरवायची नव्हती.

त्या घराण्याची आणखी एक खूण तुला सांगायला नको. दांडा पोकळ, तळाची गुंडी फिरवली की आतून सुरी निघते. "कुऱ्हाड हातात आली की आधी गुंडी फिरवा," हे बाबांनी आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं. मी फिरवली. आत काही नव्हतं.

बोट घालून पाहिलं, तर ताजं तेल लागलं.

आधी वाटलं, सुरी वेगळी विकणार असशील. पण जोडी फोडणारा तू नव्हेस. मग पार्सलमधली तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. धाकटा रविवारी मुक्कामाला येतोय, 'एकदाचं मिटवून टाकतो', असं लिहिलंयस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती बरं वाटलं होतं मला. आता तीच ओळ पुन्हापुन्हा वाचतेय.

त्याने तुला न विचारता दुकान विकलं, ते चुकलंच. मी त्याला तोंडावर बोललेय. पण म्हणून तू डोक्यात राख घालून घेऊ नकोस रे.

त्याला फोन करून पाहिला. "ताई, इतक्या दिवसांनी मधला स्वतःहून गोड बोललाय. मी कसा नको जाऊ?" म्हणाला. सुरीचं त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तुम्ही दोघं पुन्हा कधी एका ताटाला बसणार नाही.

मी गुंडी फिरवणार, हे तुला ठाऊक होतं. तरी पाठवलीस. कुणीतरी अडवावं असं तुलाच वाटत असणार, असं मी धरून चाललेय. चुकत असेन तर मात्र मला फार भीती वाटतेय.

कुऱ्हाडीच्या दाखल्यावर सही केलेली नाही. सुरी माझ्या हातात दिलीस की करीन. रविवारी धाकट्यासोबत मीही येतेय. दार उघडशील तेव्हा पुढे मी उभी असेन, तो माझ्या मागे.

तुम्हा दोघांची,
ताई