त्रेचाळीस नंबरचं पान

लातूर,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी इकडे ठणठणीत आहे. तुझी खुशाली मुग्धाताईकडून कळते, कारण बाबांचं पुस्तक निघाल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, तुझ्याकडून फोनवर एकच शब्द येतो. पोचले कळवलं, 'बरं'. ताप आला कळवलं, 'बरं'. म्हणून आज कागद घेतला. तुझा राग कशाचा ते मला कळत नाही, असं मी ताईला सांगत आले आहे. ते असो.

आधी बातमी. तुझ्या धाकट्या लेकीने चोर पकडला!

इथे गंजगोलाईच्या बाजारात संगप्पा म्हणून एक भांडेवाले आहेत. त्यांच्या पंचाहत्तरीला आत्मचरित्र काढायचं म्हणून त्यांच्या मुलाने, मृत्युंजयने, मला बोलावलं. माझं काम तुला ठाऊकच आहे. आयुष्य त्यांचं, नाव त्यांचं, वाक्यं माझी. सहा महिने अप्पा बोलले आणि मी लिहिलं. गेल्या मंगळवारी छापखान्यातून दोनशे प्रती त्यांच्या घरी आल्या. सोहळा रविवारी होता. गुरुवारी अप्पांनी हौसेने एक प्रत उघडली, तर बेचाळीसनंतर थेट पंचेचाळीस! दुसरी उघडली, तेच. दोनशेच्या दोनशे प्रतींमधून त्रेचाळीस नंबरचं पान गायब.

अप्पांनी छापखान्याच्या वीरभद्रला फैलावर घेतलं. तो बिचारा धावत आला. "अप्पा, माझ्याकडून पान उलटं लागंल, पण उडून जायचं न्हाई." मृत्युंजयला शेजारच्या दुकानदाराचा संशय. आणि बाप-लेक दोघांनाही थोडा थोडा माझा. शेवटची तपासणी मीच केली होती ना!

मला कुणी चोर समजलेलं चालत नाही. मी पदर खोचला.

त्या पानावर होतं काय? अप्पांच्या काविळीचं दीड वर्ष. तेव्हा दुकानाचं काय झालं, हे मी विचारलं होतं. "ते सोडा. चालू होतं दुकान," एवढंच ते म्हणाले. मग मी माझ्या पदरचं लिहिलं: 'मी अंथरुणाला खिळलो, पण परमेश्वरकृपेने दुकान आपोआप चालत राहिलं.' आई, तेव्हा ते वाक्य मला फार आवडलं होतं.

मी गठ्ठे पाहिले. वीरभद्र शपथेवर सांगत होता की त्याने ते प्लास्टिकच्या पट्टीने बांधले होते. आता तिथे सुतळी होती. वर बोट अडकवून उचलता येईल असा फासा, आणि त्याखाली घट्ट गाठ. मृत्युंजय म्हणाला, "ही तर आमच्या दुकानातली जुनी गाठ हाय. पातेल्यांचा संच असा बांधून द्यायचे. आता आम्ही पिशवी देतो."

"मग ही कुणाला येते?"

"जुन्या नोकरांना यायची. दोघंबी वारले."

म्हणजे भुताने बांधली! मी हात टेकले. दुपारी अप्पांच्या बायकोने, गुरम्माकाकूंनी, मला जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. निघताना चटणीचा एक डबा बरोबर दिला. डबा सांडू नये म्हणून त्यांनी सुतळी घेतली, दोन वेढे मारले आणि बोलता बोलता वर फासा काढून माझ्या बोटात अडकवला.

मी त्या फाशाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"काकू, दुकानात कोण बसायचं हो त्या दीड वर्षात?"

त्या हसल्या. "कळलं का? लई हुशार हायेस."

मग खाली बसल्या आणि भडाभडा बोलल्या. "आमच्या घरची बाई तवर गल्ल्यावर बसली नव्हती. सासूनं अबोला धरला. मांडीवर ह्यो मृत्युंजय, हातात तराजू. आन् तू लिवलीस, दुकान आपोआप चाललं! आपोआप काय चालतंय गं? पिठाची गिरणीबी चालत न्हाई."

पान कसं काढलं तेही त्यांनी दाखवलं. पानाच्या मुळाशी ओला दोरा ठेवायचा, पुस्तक मिटायचं, घटकाभराने पान हळूच ओढायचं. ना पातं, ना कात्री. दोन दुपारींत दोनशे! "त्यांना खोटं पाड म्हनत न्हाई मी. पर माझ्या घरात ते पान ऱ्हानार न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं.

अप्पांना मी तोंडावर सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून परत घातला. "मीच बोललो न्हाई तर तुम्ही तरी काय लिवणार? घ्या तिचंच लिहून," म्हणाले. शुक्रवारी काकूंनी सांगितलं, मी लिहिलं, वीरभद्रने शनिवारी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवलं. रविवारी भरल्या सभागृहात अप्पांनी तेच पान वाचायला घेतलं आणि सासूच्या अबोल्यापाशी थांबून काकूंकडे पाहिलं. पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या, "पुढं वाचा की!" लोक हसले आणि अप्पांनी शेवटपर्यंत वाचलं.

टाळ्या वाजत होत्या, आणि मला तू दिसत होतीस. बाबांच्या सोहळ्यात तूही पहिल्या रांगेतच होतीस.

आई, मला सगळं माहीत आहे. बाबांच्या पुस्तकातलं पान एकशेबारा. 'मुदखेडच्या मुलींसाठी मी सकाळचा वर्ग सुरू केला आणि सात वर्षं चालवला.' बाबा तिथे दोनदा आले होते. एकदा नारळ फोडायला आणि एकदा फोटोला. रोज सकाळी नांदेडहून गाडीने जायचीस ती तू. चौथीतली मी तुझ्याबरोबर असायचे, वह्यांच्या पत्र्याच्या पेटीवर बसून. अप्पांच्या दुकानाचं मला माहीत नव्हतं, म्हणून ते चुकलं. तुझं मला माहीत होतं. बाबा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. ज्याचं पुस्तक त्याचं खरं, हा माझ्या धंद्याचा नियम मी तुझ्यावर चालवला. बाबांची नाराजी नको होती मला. तू काय, समजून घेशील, असं धरून चालले. माझं चुकलं.

बाबांच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती माझ्याकडे उरल्या होत्या. काल मी ओला दोरा घेऊन बसले. ती चाळीस पानं सोबत पाठवते आहे. डब्यांच्या फळीवर अंथर, नाहीतर बंबात घाल. बाबांना मी आजच स्वतंत्र लिहिलं आहे. ते चिडतील. चिडू देत, त्यांच्याशी मी बोलेन.

शनिवारी सकाळी मी नांदेड स्टेशनवर उभी असेन. मुदखेडला जाऊ या. वाटेत तू बोल, मी लिहीन. पान एकशेबाराच्या जागी कोरा कागद ठेवलाय. त्यावर वाक्यं तुझी असतील आणि नावही तुझंच.

पुडक्यावर काकूंची गाठ मारायचा प्रयत्न केला आहे. अजून नीट येत नाही, सांभाळून सोड. आणि फोनवर फक्त 'बरं' आलं, तरी मी येणारच आहे.

हे पत्र मात्र कुणाला लिहून दिलेलं नाही, म्हणून खाली सही करते आहे,

तुझी, पेटीवर बसून सगळं पाहिलेली,
मनस्विनी