मालगुजाराचा नीलम

१० नोव्हेंबर, सोमवार

ठरलं! आईच्या पेटीतून अंगठी काढली. चांदीची, नीलमाची — मंजुषाच्या पणजोबांची. नागभीडकडचे मोठे मालगुजार, गावाचे जमीनदार. एका पावसाळ्यात त्यांच्या तलावाची पाळ फुटता फुटता माझ्या आज्यानं, दसरूनं, सावरली. मालगुजारानं म्हणे बोटातली अंगठीच काढून दिली. वर पायलीभर काळे उडीद आणि तेलाचा गडवा! पंच्याहत्तर वर्षं आमच्या घरी हे सांगतात. असं बक्षीस गावात दुसऱ्या कोणाले नाई मिळालं.

आता तीच अंगठी घेऊन त्यांच्या दारात जाणार. पोरगी मागायला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मंजुषा म्हणते, थांब थोडा. काऊन थांबू? तिच्यासाठी पोरं पाहणं सुरू आहे — एक ब्रह्मपुरीचा, सरकारी नोकरीवाला. चंद्रपूरला दोन वर्षं तिच्या मागच्या बाकावर बसलो, ते काय केमिस्ट्रीसाठी? सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तिनं पूर्ण केलं, आता कॉम्प्युटर क्लासात शिकवते. मी पिकअप चालवतो, धान राइस मिलवर पोचवतो. पिकअप स्वतःची आहे. कमी काय आहे माझ्यात?

१३ नोव्हेंबर

चिंचेनं घासली. नुसती चमकून राह्यली!

१६ नोव्हेंबर, रविवार

गेलो. मालगुजारी कधीच बुडाली, तलाव सरकारजमा झाला, आता स्लॅबचं घर आणि अंगणात ट्रॅक्टर — पण लोक अजून मालगुजारच म्हणतात. तिच्या आजोबांसमोर टेबलावर अंगठी ठेवली. सांगितलं, तुमच्या घरानं आमचा मान केला होता, तो घेऊन आलो. मंजुषासाठी.

त्यांनी खुर्ची मागे ओढली. विचारलं, कोणत्या वारी दिली होती, सांगून नाही ठेवलं तुमच्यात? शनिवारी, मी म्हटलं. छाती फुगवून!

'बापू, ते बक्षीस नोहे. आमच्या बाबाले नीलम लाभला नाई. घातला अन् तीन महिन्यांत दोन बैल मेले, थोरला भाऊ गेला. शनीची पीडा उतरवायचं दान होतं ते. उडीद काऊन दिले असतीन?'

मग शांतपणे म्हणाले, दान केलेली वस्तू या घरात परत येत नाही. आणि ज्यांनी ती घेतली, त्यांच्याकडे पोरगीही जात नाही.

टेबल उलटवलं असतं. मंजुषा दारात उभी होती म्हणून नाही उलटवलं. पण बोललो —

'तुमचा शनी पंच्याहत्तर वर्षं आम्ही पोसला, आजोबा. आमचं कोंबडं नाई मेलं त्यानं!'

आणि निघालो. अंगठी तिथंच राहिली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

त्यांचा निरोप — अंगठी उचलून ने. घरात कोणी हात लावत नाही म्हणे, सुपाखाली झाकून ठेवली आहे. सगळे लांबून चालतात. मस्त! नाही जात. आईनं चूल पेटवता पेटवता विचारलं, खरंच दान होतं का रे? मी म्हटलं, आज्यानं पाळ सावरली होती की नाही? सावरली होती. मग बस.

मंजुषाचा फोन बंद. ब्रह्मपुरीवाले शनिवारी येणार आहेत, असं दोस्त निकेशनं सांगितलं. येऊ दे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी मिलवर धान उतरवत होतो, तर मंजुषा समोर. एक बॅग. अंगठी सैल होते म्हणून अंगठ्यात घातलेली.

'पाहुण्यांसमोर सूप उचललं अन् घातली,' म्हणाली. 'दान केलेली ही अंगठी त्या घरी परत जात नाई ना? मंग मीबी नाई जात.'

धान अर्धंच उतरलं होतं. दोघंही तसेच निघालो.