मशीन त्याचं, आवाज माझे

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. मशीन त्याचं, आवाज माझे.

पाच मिनिटांत वाटणी उरकली. कपाट त्याचं, माइक माझे, आरसा कुणालाच नको. रडारड नाही, आदळआपट नाही — चहासुद्धा गरमच होता अजून. लोक विचारतील, एवढं झालं तरी काय? काहीच झालं नाही, तेच तर! दोन वर्षं ह्या घरात 'दूध आणलंस का'च्या पुढे वाक्य गेलेलं नाही. मी दिवसभर नाटका-सिनेमांसाठी आवाज गोळा करते — दारं, पावलं, पाणी, पाखरं — आणि घरी आलं की शुकशुकाट.

ताईच्या घरची वरची खोली रिकामी आहे. आवाज कॉपी झाले की निघायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पंधरा वर्षांचे आवाज, सगळे आजोबांच्या पोटात. आजोबा म्हणजे आमचा कॉम्प्युटर. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेला. सुरू होताना खाकरतो, म्हणून आजोबा.

नवी बाहेरची डिस्क आणली. तळहाताएवढी, पण वेगाला वीज! लावली — आणि गोगलगाय. डिस्कचा दोष नाही, आजोबांची यूएसबीची भोकं जुन्या जमान्यातली. हौद भरलेला, तोटी बारीक. घोडं तिथंच पेंड खातंय. कॉपी झाल्यावर प्रत्येक फाइल तपासायची, ते वेगळंच. एकूण तीन आठवडे!

ह्याला सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाला, "असू दे की."

असू दे काय? ताईनं खोली झाडून ठेवलीय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणे, "मॅडम, नवा घ्या. ह्याला आता हार घाला." म्हटलं, आजोबा खणखणीत आहेत, फक्त पाय जड झालेत.

मग त्यानं एक कार्ड काढलं. पेटीच्या आत बसवायचं, की मागच्या बाजूला दोन निळी भोकं मिळतात, नव्या जमान्याची. "आतून विजेची वायर जोडायला विसरू नका हं." मला सांगतो! माझं अर्धं आयुष्य वायरी गुंडाळण्यात गेलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

बसवलं. आजोबांचं झाकण काढलं तर आत धुळीची गादी. हा न बोलावता आला आणि टॉर्च धरून उभा राहिला. हात हलू दिला नाही, हे मान्य करायला हवं.

"हे काय करतं?"

"वेग वाढवतं."

"आणि काढलं तर?"

"तर परत रखडपट्टी."

"चालू असताना काढलं तर?"

"तर आजोबा जातील! आधी नीट शट डाउन करायचा. बारा वर्षं तेच सांगतेय." कारण हा माणूस कधीही तो नीट बंद करत नाही. भिंतीवरचं बटण खटकन बंद, की झालं काम! मग दुसऱ्या दिवशी सुरू करताना स्क्रीनवर तक्रार येते — मागच्या वेळी नीट बंद केला नव्हता. आमची निम्मी भांडणं त्यावरून. म्हणजे भांडत होतो तेव्हा.

झाकण लावलं, डिस्क जोडली. दिसली. गायब! परत दिसली. परत गायब! मी कार्डाला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या. हा हळूच म्हणाला, "वायर?"

वायर. विसरलेच होते. हसला नाही तो, पण ओठ घट्ट मिटून घेतले.

जोडली आणि आजोबा धावायला लागले! "दोन-तीन दिवसांत होईल सगळं," मी ओरडलेच. त्यानं टॉर्च बंद केला आणि आत गेला.

ताईला फोन केला. "आणि तो काही बोलला की नाही?" म्हटलं, नाही. "गोगलगाय आहे नुसती!" ताई त्याला पहिल्यापासून गोगलगायच म्हणते.

९ नोव्हेंबर, रविवार

एक पंचमांश झालं. कॉपी चालू असताना झालेल्या फाइल्स तपासत बसले. एका फाइलचं नाव 'स्वयंपाकघर, सकाळ'. भांड्यांच्या आवाजासाठी केली असणार. मागे कुणीतरी गुणगुणतंय. हा! चहा करताना गुणगुणायचा — मी साफ विसरले होते.

मागे दारात येऊन उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"ह्यात मी आहे?"

"आहेस. दुसऱ्या एकीत तर घोरतोयस."

"इथलं पुसणार का मग?"

"नाही. कॉपी करतेय, कट नाही."

"म्हणजे दोन्हीकडे राहील."

"राहील."

"बरं," म्हणाला. नुसतं 'बरं'. मला एकदम फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता यायचं नाही. ह्याला जाऊ नको म्हणता येत नाही, आणि मला राहते म्हणता येत नाही. दोघंही सारखेच हट्टी.

बॅग भरून दाराशी ठेवली. आजोबांना रात्रभर चालू ठेवतेय. ताईला मंगळवारी गाडी घेऊन ये म्हटलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बघते तर आजोबा बंद. सुरू केले. तक्रार नाही! स्क्रीन स्वच्छ. म्हणजे काल कुणीतरी नीट शट डाउन केलं होतं.

मागे हात घातला. निळी भोकं नाहीत, नुसती खाच. डिस्क जुन्या भोकात, व्यवस्थित लावलेली. कार्ड टेबलावर, त्याच्या इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलेलं. स्क्रूसुद्धा हरवू नये म्हणून चिकटपट्टीनं वर चिकटवलेला.

गोगलगाय — नि पोटात पाय!

आतून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता. कार्ड तसंच रुमालात ठेवलं. कॉपी सुरू केली. स्क्रीन म्हणते, बारा दिवस.

ताईला कळवलं — गाडी नको आणू. मशीन जुनं आहे, वेळ लागेल.