करंगळी

गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटायलंय. घरी बोललो तर सगळे घाबरतील, दवाखान्यात बोललो तर माझी साहेबकी जाईल. मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. तुम्हाला झाला होता तोच.

देगलूरकडची आपली शाळा आठवते. तुम्ही पाढे विचारायला उभे राहता आणि निम्म्या वर्गाच्या करंगळ्या वर होतात. "गुरुजी, एकी!" तुम्ही चष्म्यावरून बघता, हातात खडू तसाच, आणि ज्याला त्याला तेच विचारता, "एकी लागली, का भ्या वाटायलंय?" सगळे ठासून सांगायचे, एकीच. मी एकदाच खरं बोललो. म्हटलं, "भ्या." वाटलं, आता पाठीत बसतोय धपाटा. तुम्ही म्हणालात, "मग बाहीर कशाला जातूस? हितं माझ्यापाशी हुबा ऱ्हा." तुमच्या धोतराला चिकटून सतराचा पाढा म्हटला मी. चुकलाच. पण म्हटला.

आणि तुम्ही स्वतः काय केलंत हो? लघवी अडत होती, रक्त जात होतं, तरी कुणाजवळ एक शब्द नाही. नांदेडला तुमच्या लेकीकडं भेटायला आलो तेव्हा म्हणालात, "म्हातारपण हाय लेकरा, दुसरं काय न्हाई." तोवर ते हाडांत उतरलं होतं. मला तुमचा फार राग आला होता. अजून येतो.

त्यानंतर मी याच कामाला लागलो. लातूरला या आजाराला मशीननं शेक देतात, किरणांचा. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी बाजूला सरकतात आणि भाजण्यापासून वाचतात; कमीजास्त भरलं की ती मेली प्रोस्टेटची ग्रंथी जागची हलते. ती किती हलते आणि नेम कसा धरायचा, एवढंच माझं संशोधन. म्हणून पेशंटला पाणी पाजून, लघवी दाबून दम धरायला लावायचं. पण निलंगा-किनवटकडनं आलेली ही म्हातारी माणसं, मशीन चालवणाऱ्या आमच्या पोरींना सांगायला लाजायची. "हाव बाई, दम निघतोय," म्हणायची आणि टेबलावर ओलं व्हायचं. शेवटी मी म्हटलं, हलायचं नाही, ओरडायचं नाही, नुसती करंगळी वर करा, कॅमेऱ्यात दिसलं की मशीन थांबवू. कुणाला शिकवावं लागलं नाही. एकजण तर म्हणाला, "साहेब, शाळा सुटून जमाना झाला, आन् परत एकी मागाय लावता का!" सगळे खदखदून हसले, मीही.

आज त्याच टेबलावर मी झोपलो होतो. माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरीनं मला नेमक्या जागी सरकवलं, हात छातीवर ठेवायला लावले, "सर, हलू नका हं," म्हणाली आणि गेली. ते जाड दार लागलं. शेक चालू असताना पेशंटजवळ कुणालाच थांबता येत नाही, हा नियम मी हजारदा सांगितलाय. दार लागल्यावर आत कसं वाटतं, ते मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं. मशीन माझ्याभोवती फिरायला लागलं. त्याचा नेम किती चुकू शकतो, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुमची हाडं आठवली. माझ्या हाडांत पुढं काय उतरेल, ते तर ठाऊकच नव्हतं, नुसतं भ्या.

मी करंगळी वर केली. मशीन थांबलं, पोर धावत आत आली, "सर, एकी?" मी म्हटलं, "हाव." तिनं मला उतरवलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो, परत आलो, पुन्हा पाणी प्यायलो, पुन्हा वाट बघितली, आणि दात आवळून राहिलेला शेक घेतला. उद्या परत जायचंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, खिशातच राहील. पण तुम्ही विचारलं असतंत, म्हणून सांगतो. एकी लागलीच नव्हती, गुरुजी.